राजाबाई टॉवरच्या पायथ्याशी एक ग्रंथालय आहे, त्याबद्दल

पाचपाखाडीकर (ठाणे)

मंडळी, फोर्टातल्या राजाबाई टॉवरचा फोटो आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये असतो. पुढे ओव्हलवर क्रिकेट, मागे घड्याळ. त्या घड्याळाखाली दोन्ही अंगांना जी कमानींची इमारत दिसते, ते मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. ज्या विद्यापीठाचा शिक्का आपल्या पदवीवर आहे त्याचं हे ग्रंथालय, आणि ठाण्यातल्या कित्येक पदवीधरांनी त्याकडे ग्रंथालय म्हणून कधी पाहिलेलंच नाही. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा धागा.

आधी पैसा कुठून आला ते सांगतो, कारण त्यातच अर्धी गोष्ट आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका खेळायला लागला की शेअरची लाट उसळली. बॅक बे भरणीच्या कंपनीचे शेअर तर लोक डोळे मिटून घेत होते. या सगळ्याच्या मध्यभागी होते प्रेमचंद रायचंद, सुरतेत जन्मलेले जैन व्यापारी. त्यांनी १८६४ साली विद्यापीठाला दोन लाख रुपये देऊ केले, ते ग्रंथालयासाठी. मनोऱ्यासाठीचे दोन लाख त्यानंतर आले, आणि त्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे क्रम लक्षात घ्या: आधी पुस्तकांचं घर, मग घड्याळ.

पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, कापूस गडगडला आणि १ जुलै १८६५ला मुंबईचा बाजार कोसळला. प्रेमचंदांचंही प्रचंड नुकसान झालं. पण विद्यापीठाला दिलेली देणगी टिकली. १ मार्च १८६९ला पायाभरणी झाली, नोव्हेंबर १८७८मध्ये काम पुरं झालं आणि २७ फेब्रुवारी १८८०ला ग्रंथालय उघडलं. एकूण खर्च साडेपाच लाखांच्या आसपास.

आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनावरचं ते भव्य हॉटेल आणि अल्बर्ट स्मारक करणारे हेच. शेजारचा कावसजी जहांगीर पदवीदान सभागृह (१८७४) पण त्यांचाच. हे गृहस्थ मुंबईला कधीही आले नाहीत. नकाशे लंडनहून यायचे आणि इथले अभियंते, गवंडी, पाथरवट ते उभे करायचे. मार्च १८७८मध्ये स्कॉट वारले. मनोरा पुरा झाला त्यानंतर आठ महिन्यांनी.

आता माझा खरा मुद्दा. इमारत एवढी देखणी, पण तिच्यात बसून वाचायचं कोणी? विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ला, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणारं आणि पदव्या देणारं. शिकवणं कॉलेजांत चालायचं. ठाण्या-कल्याणच्या मुलाच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे मॅट्रिकचा पेपर, कारण ती परीक्षाही तेव्हा विद्यापीठच घ्यायचं. विद्यापीठाचे स्वतःचे शिकवणारे विभाग सुरू झाले विसाव्या शतकात. समाजशास्त्राचा विभाग १९१९चा, पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली. हे गेडिस नगररचनाकार म्हणूनही मोठे होते. म्हणजे ग्रंथालय उघडल्यावर जवळपास चाळीस वर्षं त्याला स्वतःच्या विभागांतले विद्यार्थीच नव्हते.

आणि मराठी? त्या काळात विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा बाहेर होत्या. मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, आणि ते स्वतः याच विद्यापीठाचे पहिल्या तुकडीतले पदवीधर!

अशा वेळी आपल्या ठाण्यात १ जून १८९३ला मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. वि. ल. भावे, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार, तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते. ध्येय एकच, मराठीत छापलेलं पुस्तक जपायचं आणि मराठी माणसाच्या हाती द्यायचं. दोन ग्रंथालयांत अंतर तेरा वर्षांचं आणि वीस-बावीस मैलांचं. एकाकडे स्कॉटचा नकाशा आणि कुबेराचा पैसा, दुसऱ्याकडे वाचक. ही दोन्ही आपलीच आहेत आणि दोन्ही एकत्र समजून घेतली पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे.

तुमच्याकडे जे असेल ते लिहा. वास्तुशास्त्रवाल्यांनी तर लिहाच.

---

खारीगावचा राजू

मस्त धागा. ग्रंथालयासाठीचे पैसे आधी आले हे माहीत नव्हतं. वाचतोय.

---

बेलापूरकर

माहिती चांगली आहे, पण थोडं स्पष्टच बोलतो. न आलेल्या इंग्रजाने लंडनात बसून काढलेला नकाशा, वर गॉथिक कमानी, घड्याळात वाजणार काय तर ‘रूल ब्रिटानिया’ आणि ‘गॉड सेव्ह द क्वीन’. यात आपलं काय? ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाचा अभिमान मला कळतो. फोर्टातल्या या इमारतीचा नाही कळत.

---

दगडमाती (खारघर)

बेलापूरकर, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी वास्तुविशारद आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, तर दगडापासून सुरुवात करतो.

भिंतींचा जो पिवळसर, बिस्किटी रंग दिसतो तो कुर्ल्याचा दगड. होय, आपण हार्बरवरून उतरून गाडी बदलतो ते कुर्ला. आपल्या पारसिकच्या डोंगरात, तुर्भ्याच्या जुन्या खाणींत निघतो तो काळा बेसाल्ट. तो घडवायला कठीण आणि रंगाला गंभीर. कुर्ल्याचा दगड उजळ, टिकाऊ आणि सपाट घडाईला उत्तम. नक्षीसाठी मात्र पोरबंदरचा दगड आणला. तो चुनखडीचा, मऊ, छिन्नीला लोण्यासारखा. कमानीच्या कडा, खांबांच्या माथ्यावरची पानं, जाळ्या, हे सगळं त्यात. म्हणजे नकाशा लंडनचा असला तरी हाताला लागते ती कुर्ल्याची नाहीतर सौराष्ट्राची खाण.

आता आकार. मनोरा खाली गाड्यांच्या पोर्चवर उभा आहे, २६ फूट चौरस. बग्गी थेट त्याच्याखाली येऊन थांबायची, पावसाचा थेंब अंगावर न घेता माणूस आत. त्यामागे २८ फुटांचं जिन्याचं दालन, त्यात गोल फिरत जाणारा दगडी जिना. दोन्ही बाजूंना ५६ फूट लांब आणि साडेसत्तावीस फूट रुंद अशी एकेक खोली. मनोरा ६८ फुटांपर्यंत चौकोनी चढतो, तिथे पहिला सज्जा आहे. तिथून चौकोनाचे कोपरे कापले जातात आणि अष्टकोन सुरू होतो, तो ११८ फूट. शेवटचा ९४ फुटांचा भाग निमुळता होत टोकाला जातो. बेरीज करा, बरोबर २८० फूट. घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या हिशेबात २८ मजले, १८७८ साली, एकाही काँक्रीटच्या खांबाशिवाय. त्या वेळी शहरातली ती सर्वांत उंच वास्तू होती. चौकोनाचा अष्टकोन करण्यात सौंदर्य आहेच, पण वर जाताना वजन कमी होतं आणि वाऱ्याला अडवणारी सपाट भिंतही कमी होते. समोर तेव्हा मैदान आणि त्यापलीकडे थेट समुद्र होता. आज ओव्हलच्या पश्चिमेला दिसणाऱ्या आर्ट डेको इमारती फार नंतरच्या, भरणीनंतरच्या.

हवामानाचाही विचार आहे. पश्चिमेच्या उन्हाला आणि पावसाला पुढे कमानींची ओवरी सामोरी जाते, खोलीची भिंत तिच्यामागे सावलीत राहते. इटलीत, विशेषतः व्हेनिसकडे, अशा ओवऱ्या पुष्कळ आहेत. स्कॉटने इंग्लंडच्या गॉथिकमध्ये ही भूमध्य समुद्राकडची सोय घातली, म्हणून मुंबईत ती शोभली आणि चालली.

आणि आता ज्यासाठी हा सगळा प्रतिसाद लिहिला ते. मनोऱ्याच्या वरच्या भागात पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत. पागोट्यांचे वेगवेगळे प्रकार, पोशाख, उभं राहण्याची ढब. गॉथिक चर्चवर त्या जागी संत असतात. इथे आपले लोक आहेत. हे पुतळे घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ते सहायक अभियंता होते. स्कॉटचं नाव सगळ्यांना पाठ असतं, मुकुंद रामचंद्रांचं कोणी घेत नाही. बेलापूरकर, तुम्ही विचारलंत यात आपलं काय, तर ते २४ जण तिथे दीडशे वर्षं उभे आहेत.

---

बेलापूरकर

मुकुंद रामचंद्रांबद्दल पहिल्यांदाच वाचलं. नकाशा परका हे माझं मत कायम आहे. पुतळे मात्र बघायला हवेत.

---

कळव्याची मावशी

आमच्या सासूबाई सांगायच्या की प्रेमचंदांच्या आईला दिसत नव्हतं. जैन असल्यामुळे सूर्यास्ताच्या आत जेवायचं, म्हणून मुलाने एवढं घड्याळ बांधलं, ठोके ऐकून आईला वेळ कळावी. खरं का हो हे?

---

जुनं कपाट (ठाणे)

मावशी, ही आख्यायिका सगळीकडे सांगतात आणि गोड आहे म्हणून टिकली आहे. ती आख्यायिका म्हणूनच ठेवावी. आईचं नाव देण्याची इच्छा मात्र पक्की, त्याला गोष्टीची गरज नाही. आणखी एक सांगतो, याच प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले, त्यातून तिथे प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. विद्येला पैसा देणं ही त्यांची वृत्तीच होती.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालो. इमारतीबद्दल दगडमातींनी लिहिलंय, त्यात भर घालायची माझी पात्रता नाही. मी कपाटांच्या आत काय आहे ते लिहितो.

धागाकर्त्यांनी लिहिलंय की सुरुवातीला वाचक नव्हते. पण ग्रंथालयाचं काम वाचक येईपर्यंत थांबून राहत नाही. इथे हस्तलिखितं जमत गेली. भगवतसिंहजी संग्रह, भडकमकर स्मृतिसंग्रह, इच्छाराम सूर्यराम देसाई संग्रह, ही नावं आजच्या मुलांना सांगितली पाहिजेत. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची सूची शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केली, ती १९३५ साली आली. संस्कृत हस्तलिखितांची गो. वि. देवस्थळी यांची सूची १९४४ची आणि देसाई संग्रहाची ह. दा. वेलणकरांची १९५३ची.

सूची म्हणजे नुसती नावांची यादी असं वाटतं लोकांना. वर्णनात्मक सूची कशी करतात ते सांगतो. तांबड्या फडक्यातली पोथी सोडायची. पानं सुटी असतात, ती मोजायची. कोणतं हरवलंय ते नोंदवायचं. एका पानावर ओळी किती, एका ओळीत अक्षरं किती. कागद की ताडपत्र. लिपी कोणती. मग पहिल्या ओळी जशाच्या तशा उतरवायच्या, मग शेवटच्या. शेवटी लेखनिकाने शक, तिथी, गाव लिहिलं असेल तर नशीब. पुष्कळदा तिथे तो पारंपरिक श्लोक असतो, ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’. जसं समोर दिसलं तसं लिहिलं, चूक असेल तर मला दोष देऊ नका. हे सगळं एका पोथीचं. अशा शेकडो पोथ्या एक माणूस वर्षानुवर्षं सोडतो, मोजतो, बांधून ठेवतो. वेलणकर आणि देवस्थळी यांनी हे केलं म्हणून आज एखाद्या अभ्यासकाला कळतं की अमुक टीकेची प्रत फोर्टात आहे. माझ्या लेखी त्या मनोऱ्याइतकंच उंच काम हे आहे.

आणि १८९३ सालाबद्दल एक जोड. त्या वर्षी विद्यापीठाचे कुलगुरू कोण होते पाहा. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, पहिले भारतीय कुलगुरू. ते त्याच वर्षी सप्टेंबरात वारले आणि त्यांच्यानंतर रा. गो. भांडारकर आले. म्हणजे ठाण्यात भावे मराठी पुस्तकं गोळा करत होते तेव्हा फोर्टातल्या खुर्चीवरही मराठी विद्वानच होते. त्यामुळे एकाकडे पैसा आणि दुसऱ्याकडे वाचक इतकी सरळ वाटणी मी करणार नाही.

---

पाचपाखाडीकर

काका, तेलंग-भांडारकरांची नोंद फार मोलाची. पण बघा, कुलगुरू मराठी असूनही पदवीच्या अभ्यासात मराठी नव्हतीच ना? भांडारकरांसारखा माणूस खुर्चीवर असताना रानड्यांचा झगडा चालूच होता. माणसं आपली आणि चौकट लंडनची. म्हणून भाव्यांना चौकटीबाहेर, ठाण्यात, वेगळं घर बांधावं लागलं असं मी मानतो.

---

जुनं कपाट

हे मान्य.

---

वाचनवेडी (वाशी)

मी कलिना संकुलात एम. ए. करतेय. आमचं रोजचं ग्रंथालय म्हणजे तिथलं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. वाशीहून हार्बरने कुर्ला आणि पुढे बस किंवा शेअर रिक्षा. दगडमाती दादांचं वाचून आज गंमत वाटली, कुर्ल्याचा दगड फोर्टात गेला आणि आम्ही पुस्तकांसाठी कुर्ल्याला उतरतो.

फोर्टच्या ग्रंथालयात संदर्भासाठी गेले होते. वरच्या मजल्यावरचं वाचनदालन बघून पाय थबकले. उंच लाकडी छत, टोकदार खिडक्या आणि त्यांत रंगीत काचा. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन आत येतं तेव्हा वहीच्या पानावर निळा-तांबडा रंग पडतो आणि हळूहळू सरकत जातो. लिहिताना हात त्या रंगातून जात होता. अभ्यास करायला मुद्दाम अशी जागा कोणी बांधली, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्या काचा एवढ्या वर्षांनी इतक्या स्वच्छ कशा? कोणी सांगेल का?

---

दगडमाती (खारघर)

ताई, त्या तशा नव्हत्या, केल्या गेल्या. २०१३ ते २०१५ या काळात ग्रंथालय आणि मनोऱ्याचं मोठं जतनकाम झालं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे चार कोटी रुपये दिले, इंडियन हेरिटेज सोसायटी सोबत होती, वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया आणि रंगीत काचांचं काम स्वाती चांदगडकर यांचं.

काचांचं काम कसं चालतं ते थोडक्यात. अशा खिडकीत एक सलग काच नसते. छोटे छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात, पट्टीला दोन्ही बाजूंनी खाच. शिसं मऊ. शंभर-सव्वाशे वर्षं मुंबईचं ऊन खाल्लं, वारा झेलला की पट्टी थकते आणि सगळं तावदान पोटाला फुगल्यासारखं बाहेर येतं. मग तुकडे निसटतात, तडकतात. दुरुस्तीत तावदान उतरवायचं, त्यावर कागद ठेवून घासून ठसा घ्यायचा, प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा, मग पट्ट्या सोडवायच्या. तुकडे हलक्या हाताने धुवायचे, कारण काही काचांवर चेहरा, पान, अक्षर रंगवून भट्टीत भाजलेलं असतं, जोरात घासलं तर तेच निघून जातं. तडकलेला तुकडा शक्यतो टाकायचा नाही, सांधायचा. शेवटी नव्या शिशात त्याच क्रमांकाने बसवायचं. घाई केली की संपलं.

दगडाचंही तसंच. पोरबंदरी दगड सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. त्याच्या सांध्यांत सिमेंट भरलं तर पाणी बाहेर पडायची वाट बंद होते, ते दगडातच अडकतं, खारी हवेतलं मीठ आत साचतं आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. म्हणून सांधे चुन्यानेच भरायचे. नवी मुंबईतल्या आमच्या सोसायट्यांत गळती दिसली की सिमेंट थापायची सवय झाली आहे, जुन्या दगडाला ती घातक आहे. कोणाच्या गावी दगडी वाडा किंवा देऊळ असेल तर कृपया हे लक्षात ठेवा.

२०१८मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ओव्हलच्या एका बाजूला हे ग्रंथालय, सभागृह, उच्च न्यायालय, आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की दोन्ही शतकं एकाच वेळी दिसतात.

---

खारीगावचा राजू

घड्याळात अजून ‘गॉड सेव्ह द क्वीन’ वाजतं का?

---

जुनं कपाट

नाही. पूर्वी सोळा सुरावटी होत्या आणि दिवसातून चार वेळा बदलायच्या. आता एकच सुरावट, दर पाव तासाने.

---

कळव्याची मावशी

वाचनवेडी, तुझा तो रंगाचा परिच्छेद वाचून नातीला दाखवला. बारावीत आहे. म्हणाली, आपण जाऊ या. आम्हाला आत सोडतील का गं?

---

वाचनवेडी (वाशी)

मावशी, आत जायचं तर आधी विद्यापीठाकडे विचारून, परवानगी घेऊनच या. मनोऱ्यावर चढायला देत नाहीत. पण ओव्हलवरून पश्चिमेची अख्खी बाजू दिसते, त्याला कोणाला विचारायला नको.

---

पाचपाखाडीकर

मग आपण धाग्यावरचे सगळे एकदा जाऊ या का? ग्रंथालयाला मी रीतसर पत्र लिहितो, परवानगी आली तर आत, नाही तर बाहेरून. आणि त्याच आठवड्यात एक संध्याकाळ ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात. दोन्ही एकापाठोपाठ पाहिली तरच मी काय म्हणतोय ते कळेल. रविवार सगळ्यांना चालेल?

---

दगडमाती (खारघर)

रविवारी हार्बरला मेगाब्लॉक असतो, आम्ही नवी मुंबईवाले पनवेलहून निघून कुठे अडकू सांगता येत नाही. शनिवार ठेवा. आणि दुपारी तीननंतर, कारण पुतळे पश्चिमेकडून बघायचे आहेत, सकाळी ती बाजू सावलीत असते. पावसाळा संपल्यावरच ठेवा, ढग असले की नक्षी सपाट दिसते.

---

बेलापूरकर

शनिवार चालेल. माझ्याकडे पक्षी बघायची चांगली दुर्बीण आहे, ती आणतो. ते २४ मोजून घ्यायचे आहेत.

---

कळव्याची मावशी

आम्ही दोघी येतोय. ठाण्याच्या मंडळींनी कोणती लोकल धरायची ते आदल्या दिवशी इथेच लिहा.